टीम 'शर्यतीत उतर' म्हणते आणि रायडरला ट्रॅक धोक्याचा वाटतो, तेव्हा शेवटचा शब्द कोणाचा?

अंत्रुजकर, फोंडा

सर्वांना नमस्कार. मोटारसायकल शर्यतींविषयी येथे जाणकार मंडळी लिहितात, म्हणून घरचा एक प्रश्न मांडतो आहे. माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा असून गेली तीन वर्षे तो राष्ट्रीय पातळीवरच्या सर्किट शर्यतींत भाग घेतो. यंदा प्रथमच एका खासगी टीमने त्याला करारावर घेतले आहे. गोव्यात कायमस्वरूपी ट्रॅक नसल्यामुळे स्पर्धेच्या प्रत्येक फेरीसाठी, एवढेच नव्हे तर साध्या सरावासाठीही, त्याला रात्रभर बसने प्रवास करून परराज्यात जावे लागते. आमचे वडील जवळजवळ तीस वर्षे फोंड्याला मोटारसायकल पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीचे चालक, होते. पिवळ्या मडगार्डच्या गाडीवर मागे माणूस बसलेला असताना पावसाळ्यात गाडी कशी चालवायची, हे भाऊ त्यांच्याकडे पाहूनच शिकला. 'रस्ता काय सांगतो ते आधी ऐक' हे वडिलांचे वाक्य तो आजही हेल्मेट चढवताना पुटपुटतो.

सराव सत्रात एका उजव्या वळणावर तो पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. प्लेट बसवून आज पाच आठवडे झाले आहेत आणि पुढची फेरी बारा दिवसांवर आली आहे. हात खांद्याच्या वर नेताना त्याला अजून दुखते. जोराने ब्रेक लावताना सगळा भार मनगटांवरून खांद्यावर येतो तेव्हा काय होईल, हे त्याने अद्याप पाहिलेले नाही. टीमचे व्यवस्थापक म्हणतात की मोठमोठे रायडर शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत गाडीवर बसतात, तू पाच आठवडे घरी बसला आहेस.

मला त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट त्या वळणाची आहे. तेथे ट्रॅकची कडा आणि भिंत यांच्यात फार थोडी जागा असून भिंतीपुढे फक्त जुन्या टायरांच्या राशी लावल्या आहेत. भाऊ पडला त्याच सकाळी आणखी दोघे तेथेच पडले होते. आयोजकांना लेखी कळवावे असे भावाने ठरवले, तेव्हा त्याला सांगण्यात आले की पत्रे लिहिणाऱ्यांना पुढच्या वर्षी सीट, म्हणजे टीममध्ये जागा, मिळत नाही. करारात एक कलम असेही आहे की 'पुरेशा कारणाशिवाय' शर्यतीत उतरण्यास नकार दिल्यास प्रवेश शुल्क, वाहतूक आणि गाडीच्या तयारीचा खर्च रायडरकडून वसूल केला जाईल. कारण पुरेसे आहे की नाही हे व्यवस्थापकांनी ठरवायचे आहे.

भावाने घाबरून माघार घ्यावी असे मला वाटत नाही. शर्यतीत धोका आहे हे तो जाणतो आणि आम्हीही जाणतो. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की टीमचे पैसे, रायडरचे शरीर आणि ट्रॅकची स्थिती यांचा हिशेब कोणी आणि कसा करावा, आणि मोठ्या शर्यतींत तो कसा केला जातो. आईला अजून या कलमाविषयी काही सांगितलेले नाही.

मिस्त्री, म्हापसा

अंत्रुजकर, मी पंधरा वर्षे गॅरेज चालवतो आणि त्यापैकी काही हंगाम एका टीमबरोबर मेकॅनिक म्हणून फिरलो आहे. म्हणून आधी टीमच्या तंबूत काय चालते ते सांगतो. छोट्या टीमकडे पैसा प्रायोजकाचा असतो आणि प्रायोजकाला गाडी ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याच्या रांगेत, उभी दिसायला हवी असते. रायडर उतरला नाही तर टायर घेतलेले असतात, ट्रकचे भाडे दिलेले असते, आमच्या रात्री जागून झालेल्या असतात, आणि त्या सगळ्याबद्दल दाखवायला काहीच नसते. व्यवस्थापक कठोर बोलतो त्यामागे हे ओझे असते. मात्र ओझे खरे आहे म्हणून ते एकवीस वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या हाडावर ठेवावे, हे मला कधीही पटलेले नाही.

रायडर आणि टीम यांच्यातला विश्वास तुटतो तो बहुधा 'दोष गाडीत की माणसात' या प्रश्नावर. मोटोजीपी या जागतिक शर्यतमालिकेतील रायडर माव्हेरिक विन्यालेस आणि त्याची तेव्हाची टीम यामाहा यांचे उदाहरण पाहा. २०२० साली ऑस्ट्रियात रेड बुल रिंगवर त्याच्या गाडीचे ब्रेक गेले आणि त्याने ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगात पहिल्या वळणाआधी स्वतःला गाडीवरून खाली टाकले. गाडी हवेच्या गाद्यांवर आदळून पेटली आणि तो उठून चालत बाहेर आला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्याच ट्रॅकवर त्याने गाडी अयोग्य रीतीने चालवली असे सांगून यामाहाने त्याला पुढच्या शर्यतीतून निलंबित केले आणि काही दिवसांतच करार संपुष्टात आला. गाडीतील नोंदींवरून कारखान्याने निष्कर्ष काढला की तो इंजिनावर मुद्दाम ताण देत होता. आधीच्या वर्षी यामाहाच्याच गाडीवरून जीव वाचवण्यासाठी उडी मारलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय चालले होते, ते कोणत्याही सेन्सरने नोंदवलेले नसते.

म्हणून भावाला एक व्यावहारिक सल्ला देतो. प्रत्येक सत्रानंतर मेकॅनिकशी जे बोलणे होते ते त्याने त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे: ब्रेकचा लिव्हर किती आत येत होता, पुढचा टायर कोणत्या वळणावर सुटत होता, टायरात हवा किती भरली होती. तो पडला त्या दिवशीची नोंद असेल तर ती जपून ठेवावी. मेकॅनिक बहुधा रायडरच्या बाजूचा असतो, पण त्याच्या हातात कागद लागतो.

निशाणवाला, डिचोली

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेव्हा मी मार्शल, म्हणजे ट्रॅकशेजारी निशाण दाखवणारा सुरक्षा कर्मचारी, म्हणून वळणाशेजारी उभा होतो. त्यामुळे ट्रॅकच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण मूळ प्रश्नातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट तीच आहे.

बुद्ध सर्किट बांधले गेले ते मोटारींसाठी; २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वन झाले. मोटारीची गरज आणि मोटारसायकलची गरज यांत मूळचाच फरक आहे. मोटारीतला माणूस पिंजऱ्यात बसलेला असतो, म्हणून भिंतीने मोटार थांबवली तरी चालते. मोटारसायकलवरून पडलेला माणूस स्वतःच्या शरीरावर घसरत जातो. त्याला भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, हे मोटारसायकल ट्रॅकच्या रचनेचे पहिले सूत्र आहे. घसरण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वळणात शिरण्याचा वेग दीडपट झाला तर मोकळी जागा सव्वादोन पट लागते. ज्या ट्रॅकवर दहा वर्षांपूर्वीच्या गाड्यांसाठी जागा पुरत होती तेथे आजच्या गाड्यांसाठी ती पुरेलच असे नाही, आणि आपल्याकडे गाड्या ज्या गतीने सुधारल्या त्या गतीने भिंती मागे सरकलेल्या नाहीत.

टायरांच्या राशी मोटारींसाठी ठीक असतात. माणसासाठी त्यांच्यापुढे हवेची गादी, म्हणजे एअर फेन्स, लागते. शिवाय मोकळी जागा कशाची आहे हेही महत्त्वाचे असते. खडीत गाडी रुतून थांबते, पण माणूस कोलांट्या खातो आणि त्याची हाडे मोडतात. डांबरावर माणूस सरळ घसरतो, पण गाडीचा वेग फारसा कमी होत नाही. जून २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या ट्रॅकवर बाराव्या वळणाशी मोटो टू या मोटोजीपीखालोखालच्या वर्गातील लुईस सालोमचा सरावात मृत्यू झाला. तेथील मोकळी जागा डांबराची होती. त्या घटनेनंतर उरलेल्या दोन दिवसांसाठी ट्रॅकचा तो भाग बदलून फॉर्म्युला वनच्या मार्गाने शर्यत घेण्यात आली. सांगायचा मुद्दा असा की एका वळणाचा मार्ग रात्रीत बदलता येतो. इच्छा असली तर.

जगात असे बदल बहुतेक वेळा कोणाच्या तरी मृत्यूनंतरच झाले आहेत, हे लिहिताना मला वाईट वाटते. २००३ साली सुझुका येथे दाईजिरो कातो भिंतीवर आदळला आणि दोन आठवड्यांनी वारला. त्यानंतर मोटोजीपी त्या ट्रॅकवर परतलेली नाही. याउलट रेड बुल रिंगवर ऑगस्ट २०२० मध्ये जोहान झार्को आणि फ्रँको मॉर्बिदेली यांची टक्कर झाली, दोन्ही गाड्या हवेत उडून तिसऱ्या वळणात शिरणाऱ्या व्हॅलेंतिनो रॉसी आणि विन्यालेस यांच्या अगदी जवळून गेल्या आणि कोणी मेले नाही. तेथे वेग कमी करणारे जोडवळण टाकायला २०२२ उजाडले. थोडक्यात निभावले की काम मागे पडते. तुमच्या भावाच्या वळणाचे तेच होते आहे: तिघे पडले, एकाचे हाड मोडले, आणि सगळे सुटकेचा निःश्वास सोडून मोकळे झाले.

एक गोष्ट मात्र भिंती मागे नेऊनही सुटत नाही. पडलेला रायडर ट्रॅकवरच राहिला आणि मागून येणारी गाडी त्याच्यावर गेली, तर हेल्मेट, चामड्याचा सूट आणि २०१८ पासून मोटोजीपीच्या सर्व वर्गांत सक्तीची झालेली एअरबॅग यांपैकी काहीही पुरत नाही. २०१० साली मिसानोत शोया तोमिझावा, २०११ साली सेपांगमध्ये मार्को सिमोन्चेल्ली आणि २०२१ साली मुजेल्लोत एकोणीस वर्षांचा जेसन दुपास्किए यांचे मृत्यू असेच झाले. यावर उपाय म्हणजे लाल-पिवळी निशाणे वेळेवर हलणे, दाटीने पळणाऱ्या छोट्या वर्गांत गाड्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि रायडरांनी निशाण पाळणे. मोटोजीपीत २०२० पासून धोका दाखवणारे पिवळे निशाण असताना नोंदवलेली सराव आणि पात्रता फेरीतील वेळ रद्द होते. हा नियम मला फार आवडतो, कारण वेग कमी केल्याबद्दल टीम रायडरला बोल लावू शकत नाही.

भावाने पत्र अवश्य लिहावे, पण एकट्याने लिहू नये. पडलेले तिघे आणि आणखी जे तयार असतील ते, अशा सर्वांच्या सह्यांचे पत्र क्लार्क ऑफ द कोर्स, म्हणजे शर्यतीचे प्रमुख अधिकारी, यांच्या नावे द्यावे. त्यात वळणाचा क्रमांक, भिंतीपर्यंतचे पावलांनी मोजलेले अंतर, छायाचित्रे आणि पडलेल्यांची वेळ नोंदवावी. मागणीही नेमकी असावी: एअर फेन्स लावा, किंवा त्याआधीच्या सरळ भागावर शंकू लावून वेग कमी करा. 'ट्रॅक असुरक्षित आहे' एवढ्याच वाक्यावर आयोजक काही करू शकत नाहीत.

डॉ. मांडवीकाठ, पणजी

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. भावाला तपासल्याशिवाय त्याच्याविषयी मत देणे योग्य नाही, त्यामुळे सर्वसाधारण लिहिते. 'मोठे रायडर दोन दिवसांत बसतात' हे वाक्य माझ्याकडे फुटबॉल खेळणारी मुलेही घेऊन येतात, म्हणून त्यातला अर्धा भाग जो कोणी सांगत नाही तो येथे सांगते.

२०१३ साली ॲसेनच्या ट्रॅकवर मोटोजीपी रायडर होर्हे लोरेन्झोचे कॉलरबोन गुरुवारी मोडले. त्याच रात्री तो विमानाने बार्सिलोनाला गेला, प्लेट बसवून परतला आणि शनिवारी शर्यतीत पाचवा आला. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना पाठ असते. दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा पडला, तीच प्लेट वाकली, दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि ती शर्यत हुकली. वर्षअखेरीस त्याचे विजेतेपद चार गुणांनी गेले. मार्क मार्केसचे प्रकरण त्याहून दुःखद आहे. १९ जुलै २०२० रोजी हेरेथ येथे त्याच्या दंडाचे हाड मोडले, २१ तारखेला प्लेट बसवली आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी तो सराव करायला गाडीवर होता. त्याला वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त ठरवण्यात आले होते. त्याने स्वतःच माघार घेतली, पण ऑगस्टच्या सुरुवातीला खराब झालेली प्लेट बदलावी लागली, डिसेंबरमध्ये तिसरी शस्त्रक्रिया झाली आणि २०२२ साली चौथी. तोवर सलग चार वर्षे अजिंक्य राहिलेल्या या माणसाला पुन्हा जगज्जेता व्हायला २०२५ उजाडले.

यातून शिकण्यासारखे असे की प्लेट म्हणजे हाड जुळले असे नव्हे. प्लेट हाडाची टोके एका रेषेत धरून ठेवते आणि जुळण्याचे काम शरीर आपल्या गतीने करते. मध्ये पुन्हा आपटले तर ताण जुळत आलेल्या हाडावर आणि स्क्रूंच्या छिद्रांवर येतो, आणि दुसऱ्यांदा मोडलेले हाड जोडणे पहिल्यापेक्षा अवघड असते. पाच आठवडे हा असा काळ आहे की एखाद्याचे हाड पुरेसे जुळलेले असते आणि एखाद्याचे मुळीच नसते. म्हणून ताजा एक्स-रे, गरज भासल्यास सीटी स्कॅन, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे लेखी मत, या तीन गोष्टी फेरीच्या आधी हातात असायला हव्यात. ट्रॅकवरचा डॉक्टर पंधरा मिनिटांत हात वर करून बघतो. त्याने हाडाच्या आत पाहिलेले नसते.

एक प्रश्न मी विचारते: पडला तेव्हा डोके आपटले होते का? त्यानंतर डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास, झोपेत बदल असे काही जाणवले का? मोडलेले हाड सर्वांना दिसते आणि मेंदूला बसलेला धक्का रायडर स्वतःच लपवतो. हेल्मेटवर ओरखडा असेल तर तेच हेल्मेट पुन्हा वापरू नये, मग ते कितीही महाग असो.

दोन गाड्यांची टीम, मडगाव

मी काही वर्षे दोन गाड्यांची छोटी टीम चालवली, त्यामुळे दुसरी बाजूही मांडणे माझे कर्तव्य समजतो. अंत्रुजकर यांच्या भावाशी त्याचा व्यवस्थापक ज्या भाषेत बोलला तिचे समर्थन मी करणार नाही. पत्र लिहिणाऱ्याला सीट नाही असे म्हणणारा माणूस टीम चालवण्यास लायक नाही. परंतु वरच्या काही उत्तरांतून असे चित्र उभे राहते की दबाव नेहमी टीमकडूनच येतो, आणि माझा अनुभव तसा नाही. माझ्याकडच्या एका मुलाने मनगट मोडलेले असताना वेदनाशामक गोळी घेऊन ट्रॅकवरच्या डॉक्टरांना हसत हात दाखवला होता. मला ते शर्यतीनंतर कळले. त्याला भीती माझी नव्हती. त्याच्या जागेसाठी बाहेर थांबलेल्या चार मुलांची होती. सीट थोड्या आणि मुले खूप, हे या दुखण्याचे मूळ आहे, आणि करारातली कलमे कितीही सुधारली तरी ते उरते.

दुसरे असे की पावसातली किंवा निसरडी शर्यत सोडण्याचा निर्णय एकट्या रायडरवर ठेवला तर तो त्याच्यावरच अन्याय ठरतो. १९८९ साली मिसानोत पाऊस पडून ट्रॅक निसरडा झाला तेव्हा ५०० सीसी या त्या काळच्या सर्वोच्च वर्गातील आघाडीच्या रायडरांनी शर्यतीवर बहिष्कार टाकला, पिएरफ्रान्चेस्को किली मात्र उतरला आणि जिंकला. त्या विजयाचे त्याला सुख लाभले नाही, आणि बाहेर राहिलेल्यांचे गुण गेले ते गेलेच. याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये सिल्व्हरस्टोनला नव्या डांबरावर पाणी साचून राहिले, शनिवारी तितो राबात घसरून ट्रॅकबाहेर उभा असताना दुसऱ्याची घसरत आलेली गाडी आदळून त्याच्या पायाची हाडे मोडली, आणि रविवारी रायडरांशी चर्चा करून शर्यत सर्वांसाठीच रद्द झाली. कोणी भित्रा ठरला नाही, कोणाचा करार मोडला नाही. मोटोजीपीत रायडर शुक्रवारी सुरक्षा समितीच्या बैठकीत आयोजकांसमोर एकत्र बसतात ते याचसाठी. आपल्याकडे प्रत्येक फेरीच्या रायडर ब्रीफिंगमध्ये, म्हणजे शर्यतीआधीच्या बैठकीत, अशी वीस मिनिटे ठेवली आणि तिचे टिपण सर्वांना दिले, तर माझ्यासारख्या टीममालकांचीही सुटका होईल. प्रायोजकाला मी काय सांगू, हा प्रश्नच उरणार नाही.

डॉ. मांडवीकाठ, पणजी

तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र तो मुलगा गोळी घेऊन हसला, याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नव्हती. ज्या व्यवस्थेत हसल्याशिवाय जागा टिकत नाही, ती सुधारणे मोठ्यांचे काम आहे. २०२१ साली दुपास्किएपाठोपाठ छोट्या वर्गांतील चौदा आणि पंधरा वर्षांची दोन मुले गेली, तेव्हा मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक महासंघाने जागतिक स्पर्धेचे किमान वय २०२३ पासून अठरा केले. २०२३ साली आपल्याच देशात तेरा वर्षांचा मुलगा ट्रॅकवर मृत्युमुखी पडला. मुलाची इच्छा होती, हे उत्तर तेव्हा कोणाला पुरले असेल असे मला वाटत नाही.

सनददार, सांखळी

कायद्यापुरते थोडक्यात लिहितो. करार पूर्ण वाचल्याशिवाय हा सल्ला अंतिम समजू नये.

भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ नुसार करारभंगासाठी करारात रक्कम लिहिलेली असली तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे टीमने सर्व खर्चाचा आकडा पुढे केला म्हणून तो जसाच्या तसा द्यावा लागतो असे नाही. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम १४ प्रमाणे, व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर अवलंबून असलेला करार न्यायालय सक्तीने पार पाडायला लावत नाही. गाडीवर बसण्याचा आदेश कोणतेही न्यायालय देणार नाही. वाद होईल तो पैशांचा. 'कराराची मुदत संपल्यावर अमुक वर्षे दुसऱ्या टीमकडे जायचे नाही' असे वाक्य असेल, तर ते करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असतानाचे बंधन मात्र टिकू शकते.

'पुरेसे कारण' व्यवस्थापकाने ठरवायचे, ही या करारातील सर्वांत वाईट ओळ आहे. तिच्यावर उपाय म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले लेखी मत फेरीच्या पुरेसे आधी ईमेलने टीमला पाठवणे. आदल्या रात्री फोनवर सांगितलेले दुखणे सबब वाटते आणि दहा दिवस आधी कागदावर पाठवलेले दुखणे पुरावा ठरते. पुढच्या वर्षी करार करताना 'टीमशी संबंध नसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मत दोघांवर बंधनकारक राहील' एवढे एकच वाक्य घालून घ्यावे.

विम्याची प्रतही मागून घ्या. अनेक सर्वसाधारण वैयक्तिक अपघात पॉलिसींत स्पर्धात्मक शर्यती वगळलेल्या असतात आणि हे कुटुंबाला नेमके रुग्णालयाच्या खिडकीपाशी कळते. आणि कृपा करून आईला सांगा. घरातल्या माणसाने सही केलेला कागद घरातल्यांना माहीत असावा.

अंत्रुजकर, फोंडा

आपण सर्वांनी वेळ काढून इतके लिहिलेत, देव बरे करो. चार दिवसांनी लिहितो आहे कारण मध्ये बरीच धावपळ झाली.

डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. डोके आपटले होते. हेल्मेटच्या डाव्या बाजूला नखाएवढा ओरखडा आहे आणि पहिला आठवडाभर उजेडात डोके दुखत होते, हे त्याने आम्हाला परवा सांगितले, तेही मी ही उत्तरे त्याला वाचून दाखवल्यावर. ते हेल्मेट आता कपाटावर ठेवले आहे. एक्स-रेमध्ये हाड अर्धेच जुळलेले दिसले, म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आणखी सहा आठवडे गाडीवर न बसण्याचे पत्र दिले. ते कालच टीमला ईमेलने पाठवले. उत्तर आलेले नाही. बहुधा दुसरा रायडर शोधत असतील, आणि तसे असेल तर त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. मडगावच्या गृहस्थांनी लिहिलेले वाचल्यावर तर नाहीच.

वळणाच्या पत्रावर सात सह्या झाल्या आहेत. पडलेल्या तिघांपैकी एकाने सही करायला नकार दिला आणि भावाने त्याला पुन्हा विचारले नाही. अंतर मोजायला आपला माणूस तेथे नव्हता, म्हणून दुसऱ्या टीमच्या एका मेकॅनिकने सत्र संपल्यावर पावलांनी मोजून पाठवले: भिंतीपर्यंत एकोणीस पावले. मागणीत एअर फेन्स लिहिली आहे. सोमवारी पत्र स्पीडपोस्टने जाईल आणि त्याची एक प्रत राष्ट्रीय महासंघाला.

आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने करार मागितला आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसली.